शिकेकाई-रिठ्याची केस धुण्याची पूड : माल उत्तम, छापील कृती मात्र घातक

शिकेकाई, रिठा आणि आवळा यांची केस धुण्यासाठी तयार मिळणारी मिश्र पूड मी बऱ्याच काळापासून नियमित वापरत आहे आणि तिच्याविषयी माझे मत आता पक्के झाले आहे. पूड चांगली आहे, पण तिच्या पाकिटावर छापलेली वापरण्याची कृती केसांच्या हिताची नाही. पुडीत पाणी कालवून लेप करावा, तो ओल्या केसांना मुळांपासून टोकांपर्यंत चोळावा आणि थोड्या वेळाने धुऊन टाकावा, असे पाकीट सांगते. हीच पूड रात्रभर भिजवून, मंद आचेवर उकळून, दोनदा गाळून घेतली आणि केवळ त्या पाण्याने केस धुतले, तर मिळणारा परिणाम इतका वेगळा असतो की दोन निरनिराळी उत्पादने वापरली आहेत असे वाटावे. निर्मात्याचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, कारण याच घटकांची आणि जवळपास याच कृतीची पूड अनेक जण विकतात आणि पुढे लिहिलेले बहुतेक सर्व त्यांनाही लागू पडेल.

पाकिटावरील यादीत पाचच घटक आहेत : शिकेकाईच्या शेंगा, रिठ्याची साल, सुका आवळा, मेथीदाणे आणि जास्वंदीची पाने. कृत्रिम सुगंध किंवा रंग नाही, आणि पाकीट उघडताच येणाऱ्या आंबूस, सुक्या शेंगांच्या वासावरून ते खरे असल्याची खात्री पटते. रिठ्याचे नुसते नाव न देता ‘साल’ असे स्पष्ट लिहिले आहे, हे मला विशेष आवडले. केस स्वच्छ करणारे सॅपोनिन रिठ्याच्या सालीत असते. आतली काळी कडक बी दळून घातली तर वजन वाढते, गुण वाढत नाही. पूड फिकट तपकिरी असून तिला किंचित हिरवट झाक आहे. पाकीट उघडताना ती नाकाजवळ धरू नये, कारण शिकेकाई आणि रिठा यांची उडालेली धूळ नाकात गेली की शिंकांवर शिंका येतात. ज्यांना दमा आहे त्यांनी भांड्यात आधी पाणी घेऊन मग पूड हलकेच त्यात सोडावी.

यादीत एक मोठी उणीव आहे. घटकांचे प्रमाण कोठेही दिलेले नाही आणि या मिश्रणात प्रमाणालाच सर्वाधिक महत्त्व आहे. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन वजनाच्या साधारण 10 टक्क्यांपर्यंत असू शकते आणि त्याची धुण्याची ताकद शिकेकाईहून कितीतरी अधिक आहे. मिश्रणात रिठा जास्त पडला की तेच उत्पादन सौम्य राहत नाही. केस कोरडे पडतात आणि टाळू ताणल्यासारखी वाटते. प्रमाण ठाऊक नसेल तर एक साधी चाचणी करता येते. झाकणाच्या बाटलीत कोमट पाणी घेऊन त्यात चमचाभर पूड टाकावी, बाटली जोराने हलवावी आणि फेसाकडे पाहावे. उंच, घट्ट आणि बराच वेळ न बसणारा फेस आला तर रिठा भरपूर आहे असे समजावे. बारीक बुडबुड्यांचा, थोड्याच वेळात खाली बसणारा थर आला तर शिकेकाईचा वाटा मोठा आहे. माझ्याकडील पूड दुसऱ्या प्रकारात मोडते आणि नित्य वापराला तीच बरी.

आता मूळ मुद्दा, म्हणजे लेप आणि गाळलेले पाणी यांतील फरक. केसाच्या बाहेरच्या बाजूस क्युटिकल नावाचे पारदर्शक खवले असतात. ते छपरावरील कौलांप्रमाणे एकावर एक, टोकांच्या दिशेने रचलेले असतात आणि माणसाच्या केसावर त्यांचे साधारण सहा ते दहा थर असतात. हे खवले सपाट बसलेले असतील तोवर केस गुळगुळीत लागतो, त्यावर प्रकाश चमकतो आणि शेजारच्या केसात तो अडकत नाही. केस ओला झाला की तो पाणी शोषून फुगतो; त्याची जाडी 15 टक्क्यांच्या आसपास वाढते, खवल्यांच्या कडा किंचित उचलल्या जातात, आणि कोरड्या केसापेक्षा तो अधिक ताणला जाऊन सहज तुटतो. म्हणजे ज्या अवस्थेत केस सर्वांत नाजूक असतो, नेमक्या त्याच अवस्थेत पाकीट आपल्याला त्यावर दळलेल्या शेंगांचा लेप चोळायला सांगत आहे.

‘वस्त्रगाळ पूड’ असे पाकिटावर लिहिलेले असले तरी त्यावर विसंबू नये. केसाची जाडी साधारणपणे 0.06 ते 0.09 मिलिमीटर असते, तर 80 क्रमांकाच्या चाळणीची छिद्रे 0.18 मिलिमीटरची असतात. त्या बारीक चाळणीतून गेलेला कणही केसाच्या दुप्पट जाडीचा असू शकतो. शिकेकाईची शेंग वाळल्यावर काष्ठवत होते आणि तिचे तंतू कितीही दळले तरी पूर्ण मऊ होत नाहीत. भिजवलेली पूड अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळून पाहिली की आधी बुळबुळीत थर जाणवतो, त्यानंतर बारीक वाळूसारखी खरखर लागते, आणि बोटे धुतल्यावरही नखांच्या कडांशी तपकिरी तुसे शिल्लक राहतात. हीच तुसे केसांच्या मुळाशी अडकतात, धुऊन लवकर जात नाहीत, केस वाळल्यावर कोंड्यासारखी दिसतात, आणि ती काढण्यासाठी पुन्हा पुन्हा चोळावे आणि विंचरावे लागते. ‘शिकेकाईने केस राठ होतात’ अशी जी तक्रार वारंवार ऐकू येते, तिचे मूळ बहुतेक वेळा शिकेकाईत नसून या चोथ्यात असते, असे माझे ठाम मत आहे.

गाळून घेण्याची कृती अवघड नाही, केवळ आदल्या रात्री आठवण ठेवावी लागते. खांद्यापर्यंतच्या केसांसाठी दोन मोठे चमचे पूड अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी. सकाळी ते पाणी मंद आचेवर साधारण दहा मिनिटे उकळावे. रिठ्यामुळे ते दुधासारखे उतू जाते, म्हणून भांडे मोठे घ्यावे आणि जवळून हलू नये. पूर्ण निवल्यावर आधी साध्या गाळणीतून आणि नंतर घट्ट विणीच्या सुती कापडातून गाळावे. दुसऱ्या गाळणीच्या वेळी कापडावर साचणारा चिखलासारखा मऊ गाळ एकदा पाहिला की लेप लावण्याची इच्छा उरत नाही. कापड फार जोराने पिळू नये. पिळले की तोच गाळ पुन्हा पाण्यात उतरतो. शेवटी मिळणारे पाणी गडद चहाच्या रंगाचे आणि मेथी-जास्वंदीतील चिकट द्रव्यामुळे किंचित दाटसर असते. मेथीदाण्यांतील हे चिकट द्रव्य केसांवर पातळ थर धरते, त्यामुळे धुताना केस एकमेकांवरून सहज सरकतात आणि गुंता कमी होतो. भांडे स्टीलचे असावे. लोखंडाच्या भांड्यात आवळ्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य लोखंडाशी संयोग पावून पाणी काळे करते आणि ते टॉवेलवर, नखांवर, कपाळाच्या कडेवर डाग ठेवून जाते.

केस धुताना हे पाणी कसे वागते, याचे वर्णन सविस्तर करणे आवश्यक आहे, कारण शाम्पूची सवय असलेला माणूस पहिल्या वेळी निराश होण्याचा संभव असतो. कोमट पाण्याने केस पूर्ण भिजवून, निथळवून मग गाळलेल्या पाण्यापैकी निम्मे हळूहळू टाळूवर ओतावे आणि बोटांच्या पेरांनी, नखे न लावता, गोलाकार फिरवावे. पहिल्या ओतण्यात फेस जवळपास येत नाही, आला तरी लगेच विरतो. याचा अर्थ पूड निकृष्ट आहे असा नव्हे. सॅपोनिनच्या रेणूचे एक टोक पाण्याशी आणि दुसरे तेलाशी जुळते. टाळूवर तेलकटपणा असेल तोवर हे रेणू तो वेढून घेण्यात गुंतलेले असतात आणि फेस धरायला मोकळे राहत नाहीत. उरलेले पाणी ओतल्यावर मात्र बारीक, मऊ फेस येतो आणि टिकतो. तो टिकला की धुणे पूर्ण झाले असे समजावे. लांब केसांच्या टोकांना वेगळे चोळण्याची गरज नसते, टाळूवरून ओघळणारे पाणी त्यांना पुरेसे होते. डोळे घट्ट मिटून, मान मागे टाकूनच केस धुवावेत. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर तीव्र झोंबते, डोळे बराच वेळ लाल राहतात, आणि अशा वेळी स्वच्छ पाण्याने भरपूर धुण्याला पर्याय नाही. पाकिटावर ही सूचना आहे, पण ती तळाशी, वाचताही येऊ नये इतक्या बारीक अक्षरांत छापलेली आहे. लहान मुलांसाठी हीच पूड ‘पूर्ण सुरक्षित’ म्हणून पुढे करणाऱ्या पाकिटाने असे करणे मला गंभीर वाटते.

धुतल्यानंतरचा परिणाम मला मनापासून आवडला. टाळू स्वच्छ होते, पण स्वच्छतेनंतर येणारा तो ताणलेला कोरडेपणा येत नाही. याचे एक कारण पीएचमध्ये, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या आकड्यात आहे; तो 7 हून कमी असला तर पदार्थ आम्लधर्मी आणि जास्त असला तर अल्कधर्मी. टाळूचा पीएच 5.5 च्या आसपास असतो आणि केसाचा त्याहूनही कमी, म्हणजे दोन्ही आम्लधर्मी असतात. शिकेकाई, रिठा आणि आवळा यांचे पाणीही सौम्य आम्लधर्मीच असते, त्यामुळे खवले सपाट राहायला मदत होते. अंगाच्या साबणाचा पीएच मात्र साधारण 9 ते 10 असतो. त्याने खवल्यांच्या कडा उचलल्या जातात, केसांवरील ऋण विद्युत्भार वाढतो आणि केस एकमेकांना घासू लागतात. शिवाय जड पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमशी संयोग पावून साबणाचा जो पांढरट चिकट साका केसांवर बसतो, तो सॅपोनिनमुळे बसत नाही. ज्यांच्याकडे पाणी जड आहे त्यांना हा फरक लगेच जाणवेल.

या परिणामाला काही मर्यादाही आहेत. आवळ्यातील टॅनिनमुळे केस ओले असताना काहीसे खरबरीत लागतात आणि शाम्पूनंतर कंडिशनर लावल्यावर येणारा निसरडेपणा येथे मिळत नाही. केस वाळल्यावर ते मऊ होतात. अत्यंत कुरळ्या किंवा टोकांशी फुटलेल्या केसांना नुसते हे पाणी पुरे पडणार नाही, त्यांनी धुतल्यानंतर टोकांना कंडिशनर लावावे. त्यात कसलाही कमीपणा नाही. पांढऱ्या, सोनेरी किंवा रंग उडवलेल्या केसांवर तपकिरी झाक चढू शकते. म्हणून आधी एक बट मानेजवळ, आतल्या बाजूस धुऊन पाहावी.

तेलाविषयी पाकिटावरील सल्ला अर्धा बरोबर आहे. धुण्याआधी तेल लावावे हे योग्य, परंतु ‘भरपूर’ लावावे हे चूक. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल तेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना करण्यात आली होती. तिघांपैकी केवळ खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांची झीज ठळकपणे कमी केली, मग ते धुण्याआधी लावलेले असो वा नंतर. त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरू शकतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हा लाभ मिळवण्यासाठी तळहातावर पसरेल एवढे तेल पुरते. डोके निथळेपर्यंत तेल लावले तर हे सौम्य पाणी ते काढू शकत नाही, मग लोक पूड दुप्पट घेतात, जोराने चोळतात, आणि सौम्यपणाचा सारा उद्देशच बाजूला पडतो.

पाकिटाच्या मागच्या बाजूस केलेले दावे मला अस्वस्थ करतात. ‘केसगळती थांबवते, पांढरे केस काळे करते, कोंडा मुळापासून घालवते’ असे तेथे ठळक छापले आहे. केसाचा त्वचेबाहेरचा भाग केराटिन या प्रथिनाचा आणि निर्जीव असतो. वाढ होते ती त्वचेच्या आतील मुळाशी, आणि काही मिनिटे टाळूवर राहून वाहून जाणारे पाणी तेथील कारभार बदलू शकेल असे मानायला आधार नाही. दिवसाला 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक आहे. त्याहून अधिक गळत असतील तर त्यामागे लोहाची कमतरता, थायरॉइडचा विकार, बाळंतपण, मोठा ताप, आनुवंशिकता अशी अनेक कारणे असू शकतात आणि त्यांचा शोध त्वचारोगतज्ज्ञाकडेच लागतो. सौम्य धुण्यामुळे तुटणारे केस कमी होतात, हे मात्र खरे. विंचरताना हाती आलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली तर तो मुळापासून गळलेला असतो. गाठ नसलेला आखूड तुकडा असेल तर तो मधूनच तुटलेला असतो. पुडीचा उपयोग होईल तो या दुसऱ्या प्रकारासाठी. कोंड्याचा संबंध बहुधा मॅलॅसेझिया या, टाळूवरील तेलावर जगणाऱ्या बुरशीशी असतो. साधी कोरडी साले सुटत असतील तर नियमित स्वच्छतेने फरक पडेल, पण टाळू लाल झाली असेल, खाज थांबत नसेल, साले पिवळट आणि चिकट असतील, तर किटोकोनॅझोलसारखे औषध असलेला शाम्पू वैद्यकीय सल्ल्याने वापरणे हाच सरळ मार्ग आहे. तेथे शिकेकाईच्या भरवशावर महिने घालवू नयेत.

याच पाकिटावर ‘संपूर्णपणे नैसर्गिक, म्हणून संपूर्णपणे निर्धोक’ असेही वाक्य आहे आणि त्याचा मी स्पष्ट विरोध करते. लिंबाचा रस नैसर्गिक आहे, पण त्याचा पीएच 2 च्या आसपास असतो आणि तो टाळूला झोंबतो. खाण्याचा सोडा घरात सहज सापडतो, पण त्याच्या पाण्याचा पीएच 8 च्या वर जातो आणि केस काही धुण्यांतच निस्तेज होतात. कोरफडीच्या पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक अनेकांच्या त्वचेला खाज आणतो. मुलतानी माती तेल शोषून घेते, पण कोरड्या केसांचे तीही अधिकच नुकसान करते. आणि रिठाही काही जणांना सोसत नाही. म्हणून पहिल्या वापराआधी कोपराच्या आतल्या बाजूस गाळलेले पाणी थोडे लावून एक-दोन दिवस त्वचेवर लक्ष ठेवावे. चांगल्या प्रतीचा सौम्य शाम्पू या पुडीहून वाईट असतो असेही मी म्हणणार नाही. ज्यांना रोज केस धुवावे लागतात, ज्यांच्याकडे सकाळी वेळ नसतो, त्यांच्यासाठी तोच अधिक सोयीचा आहे. या पुडीचे बळ तिच्या साधेपणात आहे : पाचच घटक, सुगंध नाही, आणि पाण्याचे प्रमाण वाढवून तीव्रता आपल्या टाळूनुसार कमी करण्याची मुभा. सुगंधी द्रव्यांमुळे ज्यांच्या मानेवर आणि कानांमागे पुरळ येतो, त्यांच्या दृष्टीने ही मुभा फार मोलाची आहे.

साठवणुकीबाबत थोडे सांगणे गरजेचे आहे. पूड घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत राहते, पण ओला चमचा घातला की गुठळ्या होतात आणि बुरशी धरते. वास आंबूसऐवजी कुबट येऊ लागला की उरलेली पूड टाकून द्यावी. गाळलेल्या पाण्यात टिकवण्याचे कोणतेही द्रव्य नसल्याने ते शक्यतो त्याच दिवशी वापरावे; फ्रिजमध्ये ठेवल्यास फार तर दोन-तीन दिवस. ‘आठवडाभराचे एकदाच करून ठेवा’ हा सल्ला कोणी दिला तरी मानू नये.

धुतल्यानंतर केस टॉवेलने खसाखसा पुसू नयेत, मऊ सुती कापडात दाबून पाणी टिपावे, आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून सुरुवात करून वर वर जावे. एवढे न केल्यास गाळण्याच्या मेहनतीचा अर्धा लाभ वाया जातो.

निर्मात्याने पुढच्या छपाईत तीन दुरुस्त्या कराव्यात अशी माझी आग्रहाची विनंती आहे. लेपाची कृती काढून तेथे गाळून वापरण्याची कृती द्यावी, घटकांपुढे प्रमाण छापावे आणि डोळ्यांविषयीची सूचना समोरच्या बाजूस ठळक अक्षरांत आणावी. तोवर ज्यांना ही पूड घ्यायची आहे त्यांनी सर्वांत लहान पाकीट घ्यावे, बाटलीत फेसाची चाचणी करावी, चमचाभर पूड भिजवून कापडातून गाळून पाहावी, आणि फेस फार घट्ट आला किंवा गाळलेले पाणी बोटांना खरखरीत लागले, तर ती केसांवर न घालता दुसऱ्या निर्मात्याची पूड तपासावी.